एसएसडी मेलेली नाही

बोर्ड बदलला, प्रोसेसर बदलला, संगणक सुरू केला आणि एसएसडी दिसेना. अशा वेळी आपल्याकडे दोन वाक्यं तयार असतात. ‘एसएसडी उडाली’ हे पहिलं आणि ‘फॉरमॅट मारून बघू’ हे दुसरं. लॅमिंग्टन रोडवरच्या काउंटरपासून तालुक्याच्या गावातल्या रिपेअरिंगच्या दुकानापर्यंत ती सारख्याच खात्रीनं उच्चारली जातात. ऐकणारा मान डोलावतो, कारण सांगणारा रोज संगणक उघडत असतो आणि ऐकणाऱ्यानं आपल्या कॅबिनेटचं झाकण कधी काढलेलंही नसतं. माझं म्हणणं असं की पहिलं वाक्य हे निदान नव्हे, तो अंदाज आहे आणि बहुतेक वेळा चुकलेला अंदाज आहे. दुसरं त्याहून वाईट आहे, कारण चुकलेल्या अंदाजाच्या भरवशावर ते असं काही करायला लावतं जे पुन्हा मागे घेता येत नाही.

आधी साधा विचार करू. ती एसएसडी काल संध्याकाळपर्यंत जुन्या बोर्डावर चालत होती. तिच्यात कुणी काही बदललेलं नाही. बदललं ते तिच्याभोवतीचं सगळं: स्लॉट, प्रोसेसर, बायोस, एसएमपीएस, केबल. इतक्या गोष्टी बदलल्या आणि एकच तशीच राहिली, तर संशय आधी कुणावर घ्यायचा? आपल्याकडे तो नेमका न बदललेल्या वस्तूवर घेतला जातो. ‘योगायोगानं त्याच दिवशी गेली असेल’ असं ज्याला म्हणायचं आहे त्यानं तो योगायोग दाखवून द्यावा. तसं होणं अशक्य नाही. पण ते दाखवण्याची जबाबदारी म्हणणाऱ्याची आहे.

एक ठोस उदाहरण घेतो, कारण आपल्या बाजारात ते भरपूर घडलेलं आहे. इंटेलचा आय५-१०४०० हा दहाव्या पिढीचा प्रोसेसर. तो एलजीए १२०० सॉकेटमध्ये बसतो आणि २०२१ साली आलेल्या बी५६० किंवा झेड५९० बोर्डावरही उत्तम चालतो. आता कुणी जुना एच४१० बोर्ड काढून बी५६० घेतो, प्रोसेसर तोच ठेवतो आणि एसएसडी नव्या बोर्डाच्या पहिल्या एम.२ स्लॉटमध्ये बसवतो. तो स्लॉट प्रोसेसरच्या अगदी जवळ असतो, पुष्कळदा त्यावर चकचकीत हीटसिंकही असतं, म्हणजे ‘खरा’ स्लॉट तोच असं कुणालाही वाटेल. संगणक चालू होतो आणि एसएसडी बायोसमध्येसुद्धा दिसत नाही.

कारण सरळ आहे. तो पहिला स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला असतो. अकराव्या पिढीच्या प्रोसेसरमधून पीसीआयईच्या २० वाहिन्या निघतात: १६ ग्राफिक्स कार्डासाठी आणि ४ या स्लॉटसाठी. दहाव्या पिढीत मुळात १६ च आहेत. त्या सगळ्या ग्राफिक्सकडे जातात आणि या स्लॉटच्या वाट्याला काहीच येत नाही. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये ही गोष्ट स्लॉटच्या वर्णनाजवळ छापलेली असते. तीच एसएसडी दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये बसवली की लगेच दिसते, कारण तो स्लॉट चिपसेटला जोडलेला असतो. एक स्क्रू काढायचा, एक स्क्रू लावायचा. या कामासाठी लोकांनी नव्या एसएसडीचे पैसे मोजले आहेत, आणि त्यांच्या जुन्या एसएसडी धडधाकट असताना ड्रॉवरमध्ये पडून राहिल्या आहेत. मला संताप येतो तो इथे.

हे एकटं उदाहरण नाही. एम.२ आकाराच्या काही एसएसडी आतून साटाच असतात. त्या फक्त एनव्हीएमई चालवणाऱ्या स्लॉटमध्ये व्यवस्थित बसतात आणि कधीच दिसत नाहीत. कित्येक बोर्डांवर एम.२ स्लॉट आणि साटा पोर्ट यांची वाट सामाईक असते: एका विशिष्ट स्लॉटमध्ये नवी एसएसडी घातली की दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात. नेमकी त्यातल्या एकावर जुनी साटा एसएसडी असेल तर ‘नवी घातली आणि जुनी गेली’ असं वाटतं. केबल शेजारच्या पोर्टात घातली की ‘गेलेली’ एसएसडी परत येते. वेगाचंही तसंच. बी५५० बोर्डावर रायझन ५ ३६०० काढून ५६००जी बसवला, तर चौथ्या पिढीची एसएसडी तिसऱ्या पिढीच्या वेगावर येते, कारण ५६००जी मध्ये पीसीआयई तिसऱ्याच पिढीचं आहे. सेकंदाला ७,००० एमबी वाचणारी ड्राइव्ह ३,५०० वर आली, म्हणजे ‘घासली’ असं सांगणारे मला भेटले आहेत. ती कणभरही घासलेली नसते.

घासण्याचा विषय निघालाच आहे तर तो हिशोबही करू. एक टेराबाइटच्या चांगल्या एसएसडीवर ६०० टेराबाइट लिहिण्याची हमी सहज मिळते. रोज २० जीबी लिहिले तरी वर्षाला सात टेराबाइटच्या थोडं वर जातात. म्हणजे हमीचा आकडा गाठायला ऐंशी वर्षं. घरच्या किंवा लहान कार्यालयाच्या संगणकातली एसएसडी लिहून लिहून संपली, हे निदान ऐकलं तर आकडा दाखवा म्हणावं. तो आकडा ड्राइव्ह स्वतःच सांगते, त्याकडे मी पुढे येतो.

आता दुसरा प्रकार. एसएसडी बायोसमध्ये दिसते, पण विंडोज चालू होत नाही. इथे ‘विंडोज करप्ट झालं’ हा शेरा मिळतो आणि पुन्हा तोच इलाज, फॉरमॅट. खरं म्हणजे यूईएफआय संगणकात कोणत्या ड्राइव्हवरून चालू व्हायचं याची नोंद बोर्डाच्या स्मृतीत असते, ड्राइव्हमध्ये नाही. बोर्ड बदलला की ती नोंद जुन्या बोर्डाबरोबर गेली. पुष्कळदा नवा बोर्ड ठरलेल्या जागी शोधून ती फाइल स्वतः हुडकतो, कधी हुडकत नाही. जुनी विंडोज लेगसी पद्धतीनं, एमबीआर विभागणीवर टाकलेली असेल तर आणखी एक अडचण येते: इंटेलच्या ५०० मालिकेच्या बोर्डांवर प्रोसेसरमधलं ग्राफिक्स वापरत असाल तर लेगसी बूट होतच नाही. त्यावर उपाय आहे आणि तो विंडोजमध्येच आहे. २०१७ च्या विंडोज १० आवृत्ती १७०३ पासून एमबीआर२जीपीटी नावाची आज्ञा मिळते. ती डेटा न पुसता विभागणी बदलून देते.

सगळ्यात जास्त बळी घेणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. अनेकांनी कधीतरी जुनी हार्ड डिस्क तशीच ठेवून एसएसडीवर विंडोज टाकलेली असते. इन्स्टॉलर विंडोज एसएसडीवर टाकतो, पण बूटचा छोटा ईएफआय विभाग हार्ड डिस्कवर आधीच असेल तर तोच वापरतो. वर्षानुवर्षं कुणाला काही कळत नाही. मग अपग्रेडच्या वेळी ‘आता ही जुनी हार्ड डिस्क कशाला’ म्हणून ती काढली जाते, आणि पडद्यावर बूट करण्याजोगं उपकरण नाही असा संदेश येतो. एसएसडी शंभर टक्के ठणठणीत, त्यावरची विंडोज आणि फाइली शंभर टक्के शाबूत. हार्ड डिस्क परत लावली की संगणक चालू. कायमचा उपाय हवा असेल तर एसएसडीवर थोडी जागा काढून ईएफआय विभाग करायचा आणि बीसीडीबूटची एक आज्ञा द्यायची. हे करायचं सोडून अख्खी ड्राइव्ह पुसून टाकणं याला मी दुरुस्ती म्हणायला तयार नाही.

लॅपटॉपवाल्यांची तऱ्हा निराळी. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुष्कळ लॅपटॉपवर व्हीएमडी नावाची सोय चालू असते. विंडोज टाकायला गेलं की ड्राइव्हची यादी कोरी दिसते. इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून दिला की यादीत एसएसडी येते. याच कुळातली दुसरी गोष्ट म्हणजे बायोस अपडेट किंवा सीएमओएसचा सेल काढल्यावर सेटिंग मूळ पदावर जाणं. रेडचं एएचसीआय झालं किंवा उलट झालं की विंडोज निळ्या पडद्यावर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असं सांगून थांबते. सेटिंग परत पूर्वीसारखं करा, विंडोज चालू होते.

आता फॉरमॅटकडे येतो. माझा खरा वाद त्याच्याशी आहे.

हार्ड डिस्कच्या काळात ‘फॉरमॅट मारून बघू’ हा सल्ला एवढा भयंकर नव्हता. क्विक फॉरमॅटनं यादी पुसली जायची, मजकूर तबकडीवर तसाच राहायचा आणि रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरनं बराचसा परत यायचा. दुकानदारांची एक अख्खी पिढी या अनुभवावर शिकली. एसएसडीवर ही सोय नाही. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, फॉरमॅट करताना विंडोज ड्राइव्हला ट्रिमची आज्ञा पाठवते: हे सगळे कप्पे आता निरुपयोगी समज. त्यानंतर बहुतेक एसएसडी त्या जागी शून्यं दाखवतात आणि आतल्या आत कप्पे साफ करायला घेतात. महागड्या प्रयोगशाळेलाही मग फार काही करता येत नाही. ‘फॉरमॅट मारू, मग डेटा रिकव्हर करू’ हे वाक्य एसएसडीच्या बाबतीत असत्य आहे. ते बोलणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर त्यानं शिकून घ्यावं. ठाऊक असूनही तो बोलत असेल तर तो गिऱ्हाइकाला फसवतो आहे.

त्यात आता बिटलॉकरची भर पडली आहे. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की बऱ्याच संगणकांवर ड्राइव्ह आपोआप कुलूपबंद होते, अगदी होम आवृत्तीतही. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीनं हे आणखी सर्रास केलं. त्या कुलपाची किल्ली टीपीएममध्ये असते आणि टीपीएम बोर्डावर किंवा प्रोसेसरमध्ये असतं. ते बदललं की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. निळा पडदा, इंग्रजी मजकूर, भलामोठा आकडा हवा. गिऱ्हाईक घाबरतं, दुकानदार म्हणतो लॉक झाली, फॉरमॅटशिवाय पर्याय नाही. पर्याय असतो. की बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, मोबाइलवरूनही उघडता येते. दहा मिनिटांचं काम.

एएमडीच्या बोर्डावर प्रोसेसर बदलल्यानंतर पहिल्याच वेळी एक प्रश्न येतो: नवा सीपीयू बसवला आहे, एफटीपीएम रीसेट करायचा तर वाय दाबा, नाही तर एन. बिटलॉकर चालू असेल आणि रिकव्हरी की हाताशी नसेल, तर इथे वाय दाबणं म्हणजे स्वतःच्या फाइलींवर कायमचं पाणी सोडणं. बायोस ही सूचना त्याच पडद्यावर देतं. ती न वाचता वाय दाबणारे हात मी पाहिले आहेत, आणि नंतर दोष एसएसडीवर गेलेलाही पाहिला आहे.

खुद्द विंडोजही इथे निर्दोष नाही. अनोळखी विभाग दिसला की ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायला हवी’ अशी खिडकी ती स्वतःहून उघडते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये गेलं की ‘इनिशिअलाइझ करा’ म्हणते. नवी कोरी एसएसडी असेल तर ते बरोबरच आहे; कोरी ड्राइव्ह तोवर ‘धिस पीसी’मध्ये दिसत नाही आणि तिलाही लोक बंद पडलेली समजून परत करतात. पण ज्या ड्राइव्हवर आपली कागदपत्रं आहेत तिच्याबाबत ही खिडकी आली तर उत्तर एकच: रद्द करा.

माझ्या विरोधात जे बोलतात त्यांचं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. एसएसडी खरोखर मरतात, आणि हार्ड डिस्कसारखा खडखड आवाज न करता अचानक मरतात. अपग्रेडमुळे मरण्याचाही एक पक्का मार्ग आहे आणि त्याबद्दल फारच कमी बोललं जातं. मॉड्युलर एसएमपीएस बदलताना काही जण नवा डबा बसवतात आणि जुन्या केबली तशाच ठेवतात, कारण त्या आधीच नीट ओवलेल्या असतात. एसएमपीएसच्या बाजूच्या टोकाला कोणत्या पिनवर किती व्होल्ट, याचं कंपन्यांमध्ये कोणतंही समान प्रमाण नाही. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही फरक असू शकतो. पाच व्होल्टच्या तारेवर बारा व्होल्ट आले की साटा एसएसडी क्षणात जळते. असा मृत्यू खरा, आणि तोही माणसाच्या हातानं.

फर्मवेअरचे दोषही खरे आहेत. क्रूशिअलच्या एम४ या ड्राइव्ह ५,१८४ तास चालल्यावर दर तासाला बंद पडू लागत. जानेवारी २०१२ मध्ये फर्मवेअर आलं आणि प्रश्न मिटला. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईनं आपल्या काही सर्व्हर एसएसडींबद्दल इशारा दिला: ३२,७६८ तास पूर्ण झाले की ड्राइव्ह आणि डेटा दोन्ही जाणार, त्याआधी फर्मवेअर बदला. सॅमसंगच्या ९८० प्रो चं एक जुनं फर्मवेअर ड्राइव्हला वाचण्यापुरतं मर्यादित करून टाकायचं. या प्रत्येक वेळी दोष कुणी कसा ओळखला? मॉडेल पाहून, फर्मवेअरचा क्रमांक पाहून, चाललेले तास मोजून. काउंटरवरून नजर टाकून नव्हे.

नुसत्या अंदाजाची किंमत काय असते ते ऑगस्ट २०२५ मध्ये सगळ्या जगानं पाहिलं. विंडोज ११ चं केबी५०६३८७८ हे अपडेट आलं, आणि मोठ्या फाइली लिहिताना एसएसडी गायब होतात अशी तक्रार जपानमधून पसरली. फायसनच्या कंट्रोलरवर बोट ठेवलं गेलं. ‘अपडेटनं एसएसडी मारल्या’ हे वाक्य आपल्याकडच्या व्हॉट्सअॅप गटांतही फिरलं. फायसननं ४,५०० तासांहून जास्त आणि २,२०० हून जास्त फेऱ्यांची चाचणी घेऊन सांगितलं की दोष पुन्हा घडवता आला नाही. मायक्रोसॉफ्टलाही अपडेटचा संबंध आढळला नाही. पुढे तैवानमधल्या हौशी तंत्रज्ञांनी विक्रीसाठी नसलेल्या प्राथमिक फर्मवेअरकडे लक्ष वेधलं. तोवर किती जणांनी घाबरून चांगल्या ड्राइव्ह पुसल्या असतील, याची नोंद कुठेच नाही.

‘म्हणून तर हार्ड डिस्कच बरी’ असं म्हणणाऱ्यांना थोडक्यात उत्तर देतो. बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी आपल्या सर्व्हरमधल्या बूट एसएसडींच्या बिघाडाचे आकडे प्रसिद्ध करत आली आहे. वर्षाकाठी शंभरात एकाच्या आसपास ड्राइव्ह बिघडतात. तिच्याच हार्ड डिस्कचे आकडे याहून चांगले नाहीत.

राहिला दुकानदारांचा मुद्दा, आणि तोच सर्वांत वजनदार आहे. ते म्हणतात, शोधत बसायला वेळ लागतो आणि त्या वेळाचे पैसे कुणी देत नाही. गिऱ्हाईक नव्या एसएसडीचे पैसे देतं, विंडोज टाकण्याचे देतं, पण ‘स्लॉट बदलला’ म्हटलं तर शंभर रुपयांनाही कुरकुर करतं. हे खरं आहे. आपण गिऱ्हाइकांनी ही सवय लावली आहे आणि ती आपणच मोडायला हवी. निदानाचे पैसे मागा, आम्ही देऊ. पण वेळ फार लागतो हे मला मान्य नाही. बायोसमध्ये ड्राइव्ह दिसते का पाहणं, मॅन्युअलमधलं स्लॉटचं पान उघडणं, दुसऱ्या स्लॉटमध्ये लावणं, तिथेही नाही दिसली तर यूएसबी एन्क्लोजरमध्ये घालून दुसऱ्या संगणकाला जोडणं. एनव्हीएमई एन्क्लोजर आता प्रत्येक दुकानात असतं. तिथे दिसली की क्रिस्टलडिस्कइन्फो उघडायचं आणि ड्राइव्ह स्वतःबद्दल काय सांगते ते वाचायचं: शिल्लक राखीव कप्पे किती, वापर किती टक्के, डेटाच्या चुका किती. वापराचा आकडा शंभरावर गेला तरी ड्राइव्ह मेली असं होत नाही; तो हमीचा अंदाज आहे आणि मानकानुसार २५५ पर्यंत जाऊ शकतो. साटा ड्राइव्हवर १९९ क्रमांकाची नोंद, म्हणजे सीआरसीच्या चुका, वाढत असेल तर बहुधा केबल खराब आहे, ती बदला. हे सगळं अर्ध्या तासात होतं. नवी विंडोज टाकून सगळे ड्रायव्हर घालायला याहून जास्त वेळ जातो.

दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या मार्गानं जोडूनही जी ड्राइव्ह कुठेच दिसत नाही, ती गेली असं म्हणा. तेव्हा माझी हरकत नाही.

आणि वाचकांना विनंती. संगणकात काहीही बदलण्याआधी बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. संगणक दुरुस्तीला देताना जॉबशीटवर ‘मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ एवढं लिहून त्याखाली दुकानदाराची सही घ्या. एसएसडी उडाली असं सांगितलं गेलं तर ती कोणत्या दुसऱ्या संगणकावर लावून पाहिली ते विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर ड्राइव्ह परत घेऊन घरी या.